गुप्त शस्त्राची टोचणी

आमचे एक वृद्ध स्नेही गेल्या महिन्यात आमच्याकडे आले ते हातात एक पत्र घेऊनच. शाळेत चाळीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ सहसा कशानेही विचलित होणारे नव्हेत. परंतु त्या दिवशी त्यांचे चित्त ठिकाणावर नव्हते. त्यांचे चिरंजीव पुष्कळ वर्षांपासून अमेरिकेतील टेक्सस राज्यात राहतात. त्यांनी तेथील नागरिकत्व घेतले आहे; पेट्रोल पंपाला लागून त्यांचे लहानसे दुकान आहे आणि ते रात्री उशिरापर्यंत उघडे असते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या दुकानावर दरोडा पडला, तेव्हापासून ते अंगावर पिस्तूल बाळगू लागले, एवढे वडिलांना ठाऊक होते. नवे पत्र होते ते त्या पिस्तुलाच्या सोयीविषयी.

पिस्तूल कपड्यांखाली, कोणास दिसणार नाही असे बाळगावयाचे. परंतु ते नीट बसावे कसे, यासाठी त्या तरुणाने दोन वर्षे खटपट केली होती. प्रथम कमरेच्या उजव्या अंगास लावून पाहिले, तर मोटारीत बसताना ते बरगडीस रुते. खिशात ठेवले, तर विजार एका बाजूने खाली ओढली जाई. घोट्यास बांधले, तर दिवसाअखेर पाय जड होई. अखेर नाभीच्या किंचित उजवीकडे, नेफ्याच्या आत, मापाचे होल्स्टर आणि जाड पट्टा यांच्या योगाने ते असे चपखल बसले, की पत्राच्या शेवटी त्याने समाधानाने लिहिले होते, "बाबा, आता ते अंगावर आहे हे मला जाणवतसुद्धा नाही."

आमचे स्नेही म्हणाले, "अहो, त्याने पिस्तूल विकत घेतले तेव्हा मला जेवढी भीती वाटली नाही, तेवढी हे एक वाक्य वाचून वाटली. ही भीती खरी की म्हातारपणाची, एवढे तुम्ही मला सांगा."

त्या वेळी आम्हांस नीटसे उत्तर देता आले नाही. पुढील विवेचन हा ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. प्रश्न एवढाच, की दुसऱ्याचा प्राण घेऊ शकेल अशी वस्तू मनुष्याने सदैव अंगावर बाळगावी आणि तिचा भार त्यास मुळीच वाटू नये, ही अवस्था इष्ट की अनिष्ट?

प्रथम एक सावधगिरी घेतली पाहिजे. आपल्याकडील पांढरपेशा घरात बंदूक म्हणजे पोलिसाच्या खांद्यावरची किंवा चित्रपटातली. इंग्रज सरकारने १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला आणि सामान्य हिंदी माणसाच्या हातातील बंदूक परवान्याखाली आणली. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा कायदा झाला, तरी परवान्याचे तत्त्व कायम राहिले. २०१९ च्या दुरुस्तीने तर एका परवानाधारकाने किती बंदुका बाळगाव्या ही मर्यादा तीनवरून दोनवर आणली. तात्पर्य, आपली निःशस्त्रता ही आपण विचारपूर्वक पत्करलेली वृत्ती नव्हे. ती आपल्याला वारशाने मिळाली आहे. जी गोष्ट करण्याचा प्रसंगच आपल्यावर आला नाही, ती न केल्याचा अभिमान बाळगून परदेशातील तरुणास उपदेश करणे शोभणारे नाही.

शिवाय हा तरुण कोणताही अपराध करीत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली जी दुसरी दुरुस्ती झाली, तिच्या आधारे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली घरात स्वसंरक्षणार्थ पिस्तूल ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. आणि २०२२ साली न्यूयॉर्क राज्याच्या एका प्रकरणात तो हक्क घराबाहेरही लागू आहे असा निर्णय दिला. टेक्ससमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून एकवीस वर्षांवरील पात्र व्यक्तीस पिस्तूल बाळगण्यास परवानाही लागत नाही, आणि २०२४ सालापर्यंत अशी विनापरवाना मोकळीक देणाऱ्या राज्यांची संख्या २९ झाली. रात्री बारा वाजता गल्ल्याशी एकटा बसणारा माणूस आपल्या जिवाची चिंता करतो, यात हसण्याजोगे किंवा निंदण्याजोगे काही नाही.

तेव्हा सोयीचा प्रश्न क्षुल्लक समजून उडवून देता येत नाही. उलट, थोडा विचार करता असे दिसेल, की शरीराची सोय हा येथे कर्तव्याचाच एक भाग आहे. भरलेले पिस्तूल जातीप्रमाणे अर्धा ते एक किलो वजनाचे असते. ते कमरेस अष्टौप्रहर काचू लागले म्हणजे मनुष्य काय करतो? आज ते मोटारीच्या कप्प्यात ठेवतो, उद्या टेबलाच्या खणात, परवा उशीखाली. आणि अशा रीतीने शस्त्र त्याच्या ताब्यातून सुटून जो पहिला हात तेथे पोचेल त्याच्या ताब्यात जाते. किंवा होल्स्टरचा जाच नको म्हणून ते तसेच उघडे नेफ्यात खोवतो. या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण प्रसिद्ध आहे. प्लॅक्सिको बरेस हा अमेरिकन फुटबॉलचा नामांकित खेळाडू २००८ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या एका रात्रीच्या क्लबात गेला, तो सैल विजारीच्या नेफ्यात पिस्तूल खोवून. ते घसरले, तो सावरावयास गेला, आणि गोळी त्याच्याच मांडीत शिरली. पुढे त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण याहून फार दुःखद आहे. २०१४ च्या डिसेंबरात आयडाहो राज्यातील हेडन गावी एका दुकानात एक तरुण माता खरेदी करीत होती. पिस्तूल तिच्या पर्समध्ये होते, आणि पर्स सामानाच्या ढकलगाडीत, तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या शेजारी. मुलाने पर्समध्ये हात घातला. आई जागीच मरण पावली. शस्त्र तिने अंगावरून उतरवले नसते, निदान हातावेगळे केले नसते, तर त्या बालकाच्या उभ्या आयुष्यावर ही सावली पडली नसती.

म्हणून जाणते लोक जे नियम सांगतात ते केवळ चैनीचे नव्हेत. होल्स्टर असे असावे, की चाप संपूर्ण झाकला जावा आणि पिस्तूल उलटे झाले तरी बाहेर पडू नये. खिशात ठेवावयाचे तर त्या खिशात किल्ली किंवा नाणेदेखील नसावे. पट्टा ताठ असावा, म्हणजे वजन एका ठिकाणी न रुतता कमरेभोवती वाटले जाते. आणि जागा रोज एकच असावी, म्हणजे हाताला चाचपडावे लागत नाही. ज्यास शस्त्र बाळगावयाचेच आहे, त्याने आपल्या अंगयष्टीस आणि कामास मानवेल अशी पद्धत शोधली पाहिजे. बसून काम करणाऱ्यास जी सोयीची, ती ओणवे होऊन पेट्या उचलणाऱ्यास सोयीची असेलच असे नाही. हे सर्व आम्हांस मान्य आहे. आमच्या स्नेह्यांच्या चिरंजीवांनी दोन वर्षे घालविली ती व्यर्थ घालविली नाहीत.

येथपर्यंत विचार शस्त्र अंगावर असण्याचा झाला. आता ते लपविलेले असण्याचा करू.

गंमत अशी, की ज्या टेक्ससमध्ये आज ही मोकळीक आहे, त्याच टेक्ससने १८७१ साली कायदा करून सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल बाळगण्यास बहुतांशी बंदी केली होती; परवाना घेऊन लपवून बाळगण्याची मुभा १९९५ च्या कायद्याने आली. त्याही पूर्वी, १८१३ साली, केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी लपवून शस्त्र बाळगण्याविरुद्ध कायदे केले. १८५० साली लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा अर्थाचे मत दिले, की उघडपणे शस्त्र धारण करणे हा नागरिकाचा हक्क आहे, लपवून धारण करणे हे मात्र गुप्तपणे दुसऱ्यावर कुरघोडी करण्याकडे आणि विश्वासघाताने प्राण घेण्याकडे नेणारे आहे. त्या काळच्या माणसास उघडे शस्त्र मर्दपणाचे आणि झाकलेले लाजिरवाणे वाटत होते. आज तेथे पुष्कळांची रीत नेमकी उलट आहे. कमरेला उघडे पिस्तूल लटकवून बाजारात हिंडणाऱ्याकडे लोक असभ्य म्हणून पाहतात; सभ्य मनुष्य ते सदऱ्याखाली झाकतो, आणि ओणवे होताना कापडावर त्याचा आकार उमटू नये म्हणून काळजी घेतो.

या बदलात दुसऱ्यांविषयीचा विचार आहे हे कबूल केले पाहिजे. शेजारची मुले घाबरू नयेत, गिऱ्हाइकास संकोच वाटू नये, ही इच्छा चांगलीच आहे. परंतु झाकण्याचा आणखी एक परिणाम होतो. शेजारी बसलेल्यास मनुष्य निःशस्त्र दिसतो; त्याच्याशी लोक निःशस्त्राशी वागावे तसेच वागतात; वाद घालतात, थट्टा करतात, आवाज चढवतात. दोघांपैकी एकास माहीत असते, की हा वाद कोठवर जाऊ शकतो. दुसऱ्यास ते माहीत नसते. प्लेटोने ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात लिडियातील एका मेंढपाळाची कथा घातली आहे. त्यास अशी अंगठी सापडली, की तिचा खडा आत वळविला म्हणजे तो अदृश्य होई; तिच्या बळावर त्याने राणीस फितविले, राजास ठार केले आणि राज्य घेतले. अशी अंगठी मिळाल्यावर कोणता मनुष्य न्यायी राहील, असा तेथे प्रश्न आहे. गुप्त शस्त्र ही एवढी मोठी अंगठी नव्हे. पण ते बाळगणाऱ्याचेही काहीतरी अदृश्य झालेले असते, आणि म्हणून तोच प्रश्न लहान प्रमाणावर त्यालाही विचारता येतो.

येथे महाराष्ट्रीय वाचक आम्हांस अडवील. तो म्हणेल, "गुप्त शस्त्राची एवढी निंदा करता, तर प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झाले?" आक्षेप बिनतोड आहे, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज अफझलखानास भेटावयास गेले तेव्हा अंगरख्याखाली चिलखत आणि हाती झाकलेली वाघनखे होती, असे बखरी सांगतात. परंतु त्याच बखरी असेही सांगतात, की जाण्यापूर्वी महाराजांनी आपल्या माणसांशी मसलत केली आणि आपले बरेवाईट झाल्यास राज्य कसे चालवावे याची व्यवस्था लावून दिली. संकट ठरावीक होते, शत्रू ठरावीक होता, दिवस ठरलेला होता. त्या सकाळी ते शस्त्र अंगावर आहे हे महाराजांस क्षणभर तरी विसरता आले असेल काय? ते शस्त्र एका प्रसंगाचे होते आणि प्रसंग सरताच त्याचे काम सरले. रोज सकाळी घड्याळाबरोबर अंगावर चढवावयाचे आणि मग विसरून जावयाचे शस्त्र ही वेगळी वस्तू आहे.

आणि प्रतापगडाचे नाव घेणाऱ्या मराठी माणसाने आणखी एक दिवस आठवला पाहिजे. ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळी दिल्लीस बिर्ला भवनात महात्मा गांधी प्रार्थनेस निघाले असता जो मनुष्य त्यांच्या समोर आला, त्याच्याही कपड्यांत पिस्तूल लपविलेले होते. गर्दीत तो सहज पुढे येऊ शकला, कारण तो प्रार्थनेस आलेल्यांपैकीच एक दिसत होता. तो आपलीच भाषा बोलणारा होता, हे आम्हांस विसरता येत नाही. लपविण्याची क्रिया दोन्हीकडे बाह्यतः सारखीच. म्हणून तिचे पुण्य किंवा पाप कापडाच्या घडीत शोधून सापडावयाचे नाही. समोरच्याचा जो विश्वास आपण झाकलेल्या शस्त्राने वापरतो, त्याचे आपण काय करतो, यावर ते अवलंबून आहे. खान मिठीस आला तो विश्वासाने नव्हे. त्याच्याजवळही कट्यार होती. प्रार्थनेस निघालेल्या वृद्धाजवळ दोन मुलींच्या खांद्यांचा आधार होता.

थ्युसिडिडीज या ग्रीक इतिहासकाराने आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागात एक मार्मिक नोंद केली आहे. पूर्वी सर्वच ग्रीक लोक नित्य शस्त्र धारण करीत, कारण घरे असुरक्षित आणि रस्ते धोक्याचे होते. अथेन्सच्या लोकांनी प्रथम शस्त्रे खाली ठेवली आणि अधिक सुखाची राहणी पत्करली. सुख आणि शस्त्र यांचा हा संबंध आम्हांस फार विचार करण्याजोगा वाटतो. नागर जीवनातील सुख हे शस्त्र उतरविल्यामुळे आले. शस्त्र अंगावर ठेवून तेच सुख भोगावयाचे म्हणजे इतरांनी उतरविलेल्या शस्त्रांच्या जिवावर ते भोगावयाचे. गुप्त शस्त्र धारण करणारा मनुष्य भोवतालच्या निःशस्त्रांचा ऋणी असतो. हे ऋण फेडण्याचा मार्ग एकच: निःशस्त्र मनुष्यास जेवढी सहनशीलता पुरते, त्याहून अधिक त्याने दाखविली पाहिजे. रस्त्यावर कोणी मोटार आडवी घातली, तर निःशस्त्राने दोन शब्द सुनावले तरी चालतील. सशस्त्राने ते गिळले पाहिजेत. प्रत्येक लहान भांडणात त्याने हरावे, अपमान सोसून निघून जावे. पिस्तूल चालविण्याचे शिक्षण देणारे तेथील विचारी लोकही आपल्या शिष्यांस हेच सांगतात. परंतु जो ते अंगावर आहे हे विसरला, तो हे ऋणही विसरला. भांडणाच्या भरात त्याला शस्त्राची आठवण होईल ती सर्वांत वाईट क्षणी होईल.

आणखी एक गोष्ट, आणि ती आम्ही आमच्या स्नेह्यांस सांगताना अडखळलो. शस्त्र दुसऱ्यासाठी आहे असे ते बाळगणाऱ्यास वाटते. पण रात्रंदिवस ते सर्वांत जवळ असते त्याच्या स्वतःच्या. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने एकंदर ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी २६,३२८ जणांनी आपला प्राण आपल्याच हाताने घेतला. म्हणजे अर्ध्याहून अधिक. दरोडेखोर एखाद्याच्या आयुष्यात कधीच येत नाही. निराशेचा दिवस मात्र बहुतेकांच्या आयुष्यात येतो. परदेशात एकट्याने धंदा करणाऱ्या, कर्जाचे हप्ते भरणाऱ्या, आईबापांपासून दूर राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यात तो येणारच नाही असे कोण म्हणेल? अशा दिवशी शस्त्र उतरवून दुसऱ्या विश्वासू माणसाच्या स्वाधीन करण्याइतके भान असावयास पाहिजे. आणि ते भान राहावयाचे तर शस्त्र जाणवले पाहिजे.

यावर कोणी म्हणतील, की मग तुम्ही त्या तरुणास पुन्हा रुतणारे होल्स्टरच वापरावयास सांगता काय? नाही. शरीरास काचणारे शस्त्र धोक्याचे, हे आम्ही वर मान्य केलेच आहे. आमचे म्हणणे असे, की कमरेची टोचणी गेली म्हणजे तिचे काम मनाच्या टोचणीने अंगावर घेतले पाहिजे. चामडे, पट्टा, नेफा यांनी पहिली घालविता येते, आणि ती जरूर घालवावी. पण दुसरी राखण्यासाठी बाजारात काही साधन मिळत नाही. ती रोजच्या सवयीनेच राखावी लागते. जुन्या घरात देव्हाऱ्यातला दिवा लावताना बायका क्षणभर थांबत. त्या थांबण्याने दिव्यास काही होत नसे, लावणारीस होत असे. पिस्तूल सकाळी अंगावर चढविताना आणि रात्री उतरवून कुलपात ठेवताना मनुष्याने तसेच क्षणभर थांबावे, एवढे तरी त्याच्याकडून अपेक्षिणे फार नाही.

आम्ही हे सर्व आमच्या स्नेह्यांस बोलून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकले, आणि गणिताच्या शिक्षकास शोभेल असे त्याचे तीन प्रश्न करून मुलास लिहून पाठविले. "तुझ्याजवळ ते असते हे घरात कोणाकोणास ठाऊक आहे? झोपतेवेळी ते कोठे असते आणि त्याची किल्ली कोणाकडे असते? ज्या दिवशी तू फार रागावलेला किंवा फार खचलेला असतोस, त्या दिवशी ते तू कोणापाशी देतोस?" खाली एवढेच, की तू सोयीची पद्धत शोधलीस हे बरे केलेस; तुझ्या आईला यातले काही सांगितलेले नाही.

उत्तर चार दिवसांत आले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नेमकी आणि समाधानकारक होती: पत्नीस ठाऊक आहे, रात्री लोखंडी पेटीत कुलूपबंद असते, आणि किल्ली दोघांपाशी एकेक. तिसऱ्या प्रश्नापुढे त्याने लिहिले होते, "बाबा, याचा मी कधी विचार केला नव्हता. करून लिहितो."

आमच्या स्नेह्यांनी ते पत्र आम्हांस वाचून दाखविले आणि घडी करून खिशात ठेवले. ते पुढच्या पत्राची वाट पाहत आहेत. आम्हांस विचाराल तर, दोन वर्षांच्या खटपटीत त्या तरुणाने गमावलेली टोचणी त्या एका ओळीत त्यास परत मिळाली आहे.